एका तापाचे खाडे किती?

ओळखा पाहू मी कोण?

मला पाय नाहीत, पण मी लोकलने फिरतो. मला हात नाहीत, पण बाबांचं पाकीट रिकामं करतो. एका मिलिमीटरच्या रेघेवर माझी दहा हजार भावंडं ओळीने उभी राहतील एवढा मी लहान. तरी धडधाकट माणसाला आठवडाभर अंथरुणाला खिळवतो!

काय मुलांनो, आलं लक्षात? अगदी बरोबर! हा आहे फ्लूचा विषाणू. ‘इन्फ्लुएन्झा’ हे त्याचं पूर्ण नाव.

आता तुम्ही म्हणाल, “फ्लू ना? म्हणजे विज्ञानाचा धडा!” विज्ञान तर आहेच. पण आज मी तुम्हाला गणिताची वही काढायला सांगणार आहे. कारण मोठ्या माणसांचा ताप थर्मामीटरवर जेवढा दिसतो, त्याहून जास्त घरच्या जमाखर्चात दिसतो.

पडसं वेगळं, फ्लू वेगळा

आधी एक घोटाळा दूर करू. नाक गळलं, दोन शिंका आल्या, की आपण म्हणतो, “फ्लू झाला.” पण साधं पडसं हळूहळू येतं आणि माणूस नाक पुसत कामाला जाऊ शकतो. फ्लू मात्र एकदम गाठतो. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून पांघरुणात शिरतो. ताप, डोकेदुखी, सांधे ठणकणं, कोरडा खोकला आणि अंगातली ताकदच गेल्यासारखं वाटणं. ताप साधारण तीन-चार दिवसांत उतरतो, पण खोकला आणि थकवा दोन आठवडे किंवा त्याहून जास्त रेंगाळतो.

आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम दिसतात. एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात. मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर या भागात पावसाळ्याचा हंगाम जोरात असतो. खिडक्या बंद, कपडे ओले, गाडीत गर्दी! विषाणूला आणखी काय हवं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना हंगामी फ्लू होतो. त्यांतले ३० ते ५० लाख लोक गंभीर आजारी पडतात आणि २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसं श्वसनाचे विकार होऊन दगावतात. म्हातारी माणसं, गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुलं, तसंच मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेली माणसं यांना धोका जास्त. फ्लू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यताही वाढते. म्हणजे हा काही किरकोळ पाहुणा नव्हे, बरं का!

आता काढा गणिताची वही

मीरा रोडला सिल्व्हर पार्क आहे. मीरा-भाईंदर रस्त्यावरची ही गजबजलेली वस्ती. तिथून सकाळी किती जण कामाला बाहेर पडतात! कोणी शेअर रिक्षा पकडून स्टेशनवर जातं आणि पुढे चर्चगेटच्या लोकलमध्ये घुसतं. कोणी दुकान उघडतं. कोणी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला जातं. भाईंदरची स्टीलची भांडी प्रसिद्ध आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आणि कितीतरी मावश्या घरोघरी धुणीभांडी करायला निघतात.

आपण एक काका कल्पनेने उभे करू. त्यांना म्हणू पॉलिशवाले काका. ते गाळ्यात भांड्यांना पॉलिश करतात. समजा, त्यांची रोजंदारी ६०० रुपये आहे. काकू पाच घरी काम करतात. प्रत्येक घरचे महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण २५० रुपये पडले. घरी दोन मुलं आणि आजी. (आकडे आपण गणितापुरते घेतले आहेत. तुम्ही तुमच्या ओळखीच्या घरचे आकडे घालून पाहा.)

जुलै महिना. काकांना फ्लू झाला. मांडा हिशेब:

काकांचे पाच खाडे: ५ × ६०० = ३,००० रुपये
काकूंचे दोन खाडे, कारण काकांजवळ कोणी हवं: २ × २५० = ५०० रुपये
डॉक्टरांकडे दोनदा: २ × २५० = ५०० रुपये
औषधं: ४५० रुपये
रिक्षा: १०० रुपये
एकूण: ४,५५० रुपये

काका महिन्यात २६ दिवस काम करतात असं धरलं, तर त्यांची कमाई १५,६०० रुपये. म्हणजे दर शंभर रुपयांतले जवळजवळ २९ रुपये एका तापाने नेले!

आता जरा नीट बघा. या ४,५५० रुपयांत डॉक्टर, औषध आणि रिक्षा मिळून किती? फक्त १,०५०. उरलेले ३,५०० रुपये कुठे गेले? खाड्यांत! आपल्याला वाटतं, आजार महाग पडतो तो औषधांमुळे. पण कमावत्या माणसाच्या फ्लूमध्ये मोठा खर्च बहुतेक वेळा न मिळालेल्या मजुरीचा असतो. इतर देशांतल्या पाहण्यांतही कमावत्या वयाच्या माणसांबाबत असंच आढळलं आहे. या खर्चाची पावती कोणी फाडत नाही, म्हणून तो दिसत नाही. महिन्याच्या शेवटी किराणावाल्याची उधारी वाढते, शेठकडून उचल घ्यावी लागते, तेव्हा तो कळतो.

‘अंगावर काढणं’ कोणाला परवडतं?

मराठीत एक खास शब्दप्रयोग आहे: ताप अंगावर काढणं. म्हणजे विश्रांती न घेता, औषध न घेता, तसंच रेटत राहणं. मोठी माणसं हे कौतुकाने सांगतात, “मी तर ताप अंगावर काढला!”

पण पॉलिशवाले काका ते कौतुकासाठी करत नाहीत. ते म्हणतात, “दोन दिवस घरी बसलो. आता गोळी घेतो आणि जातो.” तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी ते तापातच गाळ्यात गेले. किती वाचले? १,२०० रुपये.

आणि पुढे काय झालं? फ्लूचा माणूस त्रास सुरू व्हायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो. पहिले तीन-चार दिवस तर सर्वांत वाईट. एका रुग्णाकडून साधारण एक-दोघांना लागण होते. धरा, गाळ्यातल्या दोघांना ताप आला. प्रत्येकाच्या घरचा हिशेब काकांसारखाच असेल, तर २ × ४,५५० = ९,१०० रुपये. म्हणजे १,२०० रुपये वाचवताना दुसऱ्या दोन घरांचे ९,१०० गेले! आणि त्या दोघांपैकी कोणाच्या घरी दम्याची आजी असेल तर? तो हिशेब रुपयांत मांडताच येणार नाही.

मग काका वाईट का? मुळीच नाही! आजारपणात ज्यांना भरपगारी रजा मिळते, ते घरी झोपू शकतात. ज्यांना ती नाही, त्यांच्यापुढे दोनच वाटा: ताप घेऊन कामावर जा, नाहीतर मजुरी सोडा. म्हणूनच आपल्या देशात १९५२ साली कर्मचारी राज्य विमा योजना सुरू झाली. तिच्यात नोंद असलेल्या आणि अटींत बसणाऱ्या कामगाराला आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. पण लहानशा गाळ्यातले रोजंदार, घरकाम करणाऱ्या मावश्या, रिक्षावाले काका यांतले बहुसंख्य लोक या छत्रीच्या बाहेरच असतात.

मुंबईने हे पाहिलं आहे

तापाने कामं थांबतात, हे मुंबईला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमलेला होता. महिना संपायच्या आत गोदी, तारखातं, टांकसाळ, कापडगिरणी अशा ठिकाणची माणसं अंथरुणाला खिळली. म्हणजे विषाणू गेला कुठे? जिथे माणसं खांद्याला खांदा लावून काम करतात तिथे!

सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली, ती भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशभर एक कोटीहून जास्त माणसं गेली. आणि एक विलक्षण गोष्ट म्हणजे त्यांत २० ते ४० वर्षांची, म्हणजे ऐन कमावत्या वयाची माणसं खूप होती. त्या वर्षी पाऊसही कमी झाला होता, धान्य महागलं होतं. तशात घरातलं कमावतं माणूस गेलं, तर मागे राहिलेल्यांचं काय झालं असेल, विचार करा.

मग २००९ साली स्वाइन फ्लू आला. भारतातला त्याचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. पुण्यात, मुंबईत शाळा आणि सिनेमागृहं काही दिवस बंद राहिली. तुमच्या आईबाबांना विचारा, तोंडाला रुमाल बांधून फिरल्याचं त्यांना आठवत असेल. गंमत म्हणजे तो विषाणू परत गेलाच नाही. आज तो नेहमीच्या हंगामी फ्लूमधला एक होऊन बसला आहे.

सदरे बदलणारा चोर

“एकदा फ्लू झाला, मग पुन्हा का होतो?” हा प्रश्न चांगला आहे. आपलं शरीर विषाणूला त्याच्या बाहेरच्या आवरणावरून ओळखतं. पण हा चोर हुशार! तो सारखा सदरा बदलतो. गेल्या वर्षी निळा, यंदा जरा हिरवट. आपले पहारेकरी फसतात.

म्हणून फ्लूची लसही दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. जगभरच्या प्रयोगशाळा वर्षभर नमुने तपासतात. आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही, त्यांतलीच एक. ती १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. या माहितीवरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीत कोणते विषाणू हवेत ते सांगते. लस शंभर टक्के अडवत नाही, पण आजार झालाच तर तो गंभीर होण्याचा धोका कमी करते. तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यातच आजी-आजोबांसाठी आणि मधुमेह-दमा असलेल्या मोठ्यांसाठी डॉक्टरांना विचारायला हवं.

मग आपण काय करायचं?

शिंक किंवा खोकला आला, की तोंडापुढे हात नको, कोपर धरा. हाताने आपण दाराची कडी धरतो, लिफ्टचं बटण दाबतो. विषाणू अशा कडक पृष्ठभागावर एक-दोन दिवस तग धरू शकतो! साबणाने हात धुवा. तापलेल्या माणसाने आजीपासून लांब झोपावं. खिडकी उघडी ठेवा. गर्दीत जावंच लागलं, तर मास्क लावावा.

गेल्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ देऊ नका. त्या जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. फ्लूचं वेगळं औषध असतं, पण ते त्रास सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलं तर सर्वांत उपयोगी. आणि मुलांनी तापात अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही.

धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर झाले, माणूस बरळू लागला किंवा उतरलेला ताप पुन्हा जोरात चढला, तर मात्र थांबायचं नाही. सरळ दवाखाना! भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय हे सरकारी रुग्णालय आहे. ‘पैसे कुठून आणायचे’ म्हणून कोणी घरी बसून राहता कामा नये.

घरचा अभ्यास

आता शेवटचं गणित. हे तुम्ही आईबाबांबरोबर सोडवा.

तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना ताप आला. तुम्ही त्यांना सांगितलं, “मावशी, तीन दिवस येऊ नका. झोपून राहा. खाडा कापणार नाही.” १,५०० रुपये महिना, म्हणजे दिवसाचे ५०. तीन दिवसांचे किती झाले? १५० रुपये!

आता दुसऱ्या बाजूला लिहा: मावशी तापातच आल्या, घरात आजीला आणि बाबांना फ्लू झाला. डॉक्टर, औषधं, बाबांची रजा... त्याची बेरीज तुम्हीच करा. आणि लक्षात ठेवा, १५० रुपये तर एकाच घराचे. पाचही घरांनी असं ठरवलं, तर मावशींना निवांत झोपता येईल. चारच घरांनी ठरवलं आणि पाचवं म्हणालं, “यायलाच हवं,” तर मावशी तापात जिना चढणारच!

म्हणून हे गणित एकट्याने सोडवून भागत नाही. मजल्यावरच्या चार मित्रमैत्रिणींना वही दाखवा. सोसायटीच्या फळ्यावर उत्तर लिहायची परवानगी मागा. मोठी माणसं आरोग्याच्या सूचना वाचतीलच असं नाही. पण मुलांनी मांडलेला हिशेब चुकला आहे का, हे बघायला मात्र नक्की थांबतात!