जाळा, म्हणजे वाढेल

लाँगलीफ पाइनचं रोप पहिल्यांदा पाहणारा त्याला हमखास गवत समजतो. दांडा नाही, फांदी नाही. जमिनीतून वर आलेला लांब हिरव्या सुयांचा नुसता झुबका. दोन वर्षं, चार वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ ते एवढंच राहतं. सगळा कारभार खाली चाललेला असतो: सोटमूळ वाळूत खोल उतरतं, अन्न साठवतं.

आणि मग आग येते. सुया पेटतात, पण झुबक्याच्या मधोमध, मातीला टेकून, पांढरट खवल्यांत गुंडाळलेला कोंब असतो. भोवतालच्या ओलसर सुया जळेपर्यंत ज्वाळा पुढे सरकलेली असते. काही आठवड्यांत त्या काळ्या ठोंबातून पुन्हा हिरवं फुटतं. वर फायदा असा, की बुरशीचे तपकिरी ठिपके पडलेल्या सुया जळून जातात. पुढे एखाद्या वसंतात रोप एकदम उसळी घेतं, फांद्यांच्या भानगडीत न पडता सरळ वर. कोवळा शेंडा ज्वाळांच्या टप्प्याबाहेर न्यायची ही घाई!

अमेरिकेच्या आग्नेय भागात, व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत, या झाडाची वनं एके काळी सुमारे 9 कोटी एकरांवर होती. लाकूड, डांबर आणि टर्पेंटाइनसाठी ती तोडली गेली. उरलेल्यांचा घात मात्र चांगल्या हेतूने झाला: वणवा वाईट, म्हणून तो विझवा. विजांनी लागणारी आणि मूळ रहिवासी मुद्दाम लावत ती आग थांबली, खाली ओक आणि झुडपं माजली. या पाइनच्या बीला रुजायला उघडी माती लागते. ते पाचोळ्यावर पडून वाळू लागलं. 1990 च्या दशकापर्यंत जेमतेम 30 लाख एकर उरले.

आता वनं परत आणायची तर आधी चक्क कुऱ्हाड चालवावी लागते. दाटीने वाढलेले दुसरे पाइन आणि ओक काढून ऊन जमिनीपर्यंत पोचवायचं, मग हिवाळ्यात रोपं लावायची, आणि दर दोन-तीन वर्षांनी जाळायचं. आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं ते आग अडवायला. तिथेही आधी पट्टे साफ करतात, पण आतलं रान पेटवण्यासाठी. वारा आणि हवेतला ओलावा पाहून, डिझेल-पेट्रोलचं मिश्रण ठिबकवणारी मशाल हातात धरून माणसं चालत जातात. बहुधा वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे आग हळू सरकते.

खरी श्रीमंती घोट्याएवढ्या उंचीवर आहे. चांगल्या वनात एका चौरस मीटरमध्ये 40 जातींच्या वनस्पती सापडू शकतात. तिथलं वायरग्रास तर उन्हाळ्याच्या सुमारास जाळलं तरच भरभरून फुलतं.

जाळण्यात एका सुतार पक्ष्याचाही जीव अडकलाय. रेड-कॉकेडेड सुतार जिवंत पाइनमध्येच ढोली कोरतो. कोरायला वर्षं लागतात. ढोलीभोवती भोकं पाडून तो डिंक वाहता ठेवतो, म्हणजे साप वर चढत नाहीत. त्याला झाड लागतं म्हातारं, गाभा बुरशीने मऊ झालेलं. आज लावलेलं रोप तिथवर पोचायला अनेक दशकं जाणार. 1989 मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने दक्षिण कॅरोलिनात अशी झाडं आडवी केली, तेव्हा वाचलेल्या खोडांत करवतीने खाच पाडून तयार लाकडी घरटी बसवण्यात आली. एवढे चोखंदळ पक्षी, पण ती त्यांनी बिनतक्रार स्वीकारली. 2024 मध्ये अमेरिकी सरकारने त्यांचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली, ‘धोक्यात’वर आणला.