बॅकअप उघडत नाही तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत लखनौच्या घरी आजोबांचे फौजेतले फोटो पाहायचे ठरले. जुन्या संगणकाची बॅकअप इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवरून नव्या संगणकावर उतरवली, पण ती उघडेना. उलट 'फॉरमॅट करा' अशी सूचना आली. आई घाबरली. फॉरमॅट केले तर फोटो जाऊ शकतात, म्हणून मी 'रद्द' दाबले.

मूळ फाइल आणि प्रत यांचा आकार सारखाच होता. मग विंडोजच्या 'सर्टयूटिल' आज्ञेने दोन्हींचा एसएचए-२५६ ठसा काढला. एक बिट बदलला तरी हा ६४ अक्षरांचा ठसा बदलतो. ठसे वेगळे निघाले! म्हणजे प्रत करताना गडबड झाली होती. केबल बदलून पुन्हा प्रत केली. ठसे जुळले, इमेज उघडली आणि गणवेशातले आजोबा दिसले.

मित्रांनो, परेडआधी आपण बूट तपासतो. तसाच बॅकअपही गरज पडण्याआधी एकदा उघडून पाहा.