जुन्या वाड्यातली १८ इंची भिंत आणि दाराची चौकट: फायदा कुठे सुटतो, तोटा कुठे होतो?



फर्निचरचं किंवा इंटिरियरचं छोटं काम सुरू करणाऱ्या पुण्यातल्या माणसाला कधी ना कधी पेठेतून एक फोन येतोच. "जुनं घर आहे, दारं बदलायची आहेत, किती घ्याल?" आपण जातो, टेप काढतो, एक दार मोजतो, पाचने गुणतो आणि भाव सांगून मोकळे होतो.

मीही हेच केलं होतं. सदाशिव पेठेतलं जुनं घर, पाच दारं. पहिल्या दाराशी भिंत मोजली तर २० इंच. बाकीच्या चार दारांना टेप लावलाच नाही. त्या कामात माझी मजुरी तर गेलीच, वर दोन शीट प्लाय खिशातून आणावे लागले. गिऱ्हाईक चांगलं होतं, सुतारही चांगला होता. चुकलं ते माझं मोजमाप. ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून आज त्यातलं सगळं गणित मांडतो.

आधी समजून घ्या: भिंत एवढी जाड का?

नव्या फ्लॅटमध्ये भिंत ४ किंवा ६ इंचांची असते. कॉलम-बीम वजन घेतात, भिंत फक्त आडोसा. जुन्या वाड्यात दगडी जोतं, त्यावर वीट, चुना किंवा माती, आणि लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा. तिथे भिंतही वजन घेते, म्हणून ती १४, १८, कधी २४ इंचांची असते. वर जाताना जाडी कमी होते, त्यामुळे तळमजल्याचं माप माडीवर चालत नाही. त्यात शंभर वर्षांचे गिलावे एकावर एक चढलेले. नदीकाठच्या पेठांमध्ये तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर अनेक घरांच्या भिंती डागडुजी करून उभ्या केल्या गेल्या. त्यामुळे एकाच घरात दोन दारांशी दोन मापं निघाली, तर नवल वाटायला नको.

कधी वेळ मिळाला तर बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबाग वाड्यात एक चक्कर मारा. १८०७ ची वास्तू आहे. तिथून जवळच राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी कोरीव दारं आहेत. चौकट भिंतीत कशी बसवलीय तेवढंच बघत फिरा. असा एक तास पुस्तकापेक्षा जास्त शिकवतो.

१८ इंचांची चौकट एका लाकडातून करायची नाही

नवा माणूस म्हणतो, भिंत १८ इंच, तर १८ इंच रुंद सागवानी फळी घेऊ. नको! एक तर तेवढी रुंद, सरळ आणि पूर्ण वाळलेली फळी मिळणं कठीण, मिळाली तर भाव परवडत नाही. दुसरं म्हणजे लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलतं. मे महिन्यात आटतं, जुलै-ऑगस्टमध्ये फुगतं. १८ इंच रुंदीत हा फरक दोन-तीन मिलिमीटर सहज होतो. मग फळीला बाक येतो, भेग पडते आणि फोन तुम्हाला येतो.

म्हणून कामाचे तीन भाग करा.

१. चौकट: दाराच्या बाजूला ४ किंवा ५ इंच रुंद, अडीच इंच जाड सागवान. बिजागऱ्या, कडी, दाराचं वजन, सगळं हिच्यावर.

२. रुंद पाट: चौकटीच्या मागून भिंतीच्या दुसऱ्या कडेपर्यंतचा भाग. कोणी याला जॅम म्हणतं, कोणी पॅनेलिंग. आपण पाट म्हणू. हा १९ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायचा. दिसणाऱ्या कडेला सागवानी लिपिंग.

३. कव्हर पट्टी: लाकूड आणि गिलावा यांच्यातली फट झाकणारी पट्टी, दोन्ही बाजूंना.

आता एक वाक्य वहीत लिहून ठेवा: दार ओळंब्यात, पट्टी भिंतीबरोबर, आणि दोघांमधला फरक पाटात जिरवायचा.

जुनी भिंत ओळंब्यात नसतेच. चौकट भिंतीबरोबर तिरकी बसवली तर दार आपोआप उघडतं किंवा मिटतं. म्हणून चौकट सरळच उभी करायची. मग पाट वर अरुंद आणि खाली रुंद असा निघेल. निघू द्या! पाऊण-एक इंचाचा उतार सात फुटांत डोळ्याला कळत नाही. दार तिरकं असलं तर मात्र पहिल्या दिवशी कळतं.

मोजायचं कसं?

दाराच्या बाजूला भिंत जिथे सगळ्यात पुढे आलीय, तिथे टेकेल असा ओळंबा सोडा. समोरच्या बाजूला भिंतीवर एक सरळ पट्टी आडवी धरा. ओळंब्याच्या दोरीपासून त्या पट्टीपर्यंतचं अंतर घ्या. ते वर, मध्ये आणि खाली घ्यायचं. डावीकडे तीन, उजवीकडे तीन, आणि माथ्याला तीन. एका दाराची नऊ मापं झाली. शिवाय रुंदी तीन ठिकाणी, उंची दोन्ही बाजूंना, आणि दोन्ही कर्ण.

नियम सोपा आहे. उघडी जागा मोजताना सगळ्यात लहान माप धरा, कारण मोठी चौकट आत जाणार नाही. पाटाची रुंदी काढताना सगळ्यात मोठं माप धरा, कारण जास्तीचं रंध्याने काढता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही.

आणि गिऱ्हाइकाला हे तीन प्रश्न विचाराच:

फरशी बदलणार आहात का? जुन्या शहाबादीवर नवी टाइल येणार असेल तर दार खालून घासणार.

दार कोणत्या बाजूला उघडायचं? चौकट त्याच बाजूच्या कडेला बसवा. उलट बसवलीत तर दार जाड भिंतीच्या आत उघडेल, काटकोनात अडकेल, वाटही अरुंद होईल. मग कपाट आत न्यायच्या दिवशी तुमची आठवण निघेल.

घर तुमचं की भाड्याचं? पेठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भाडेकरू असतात. भिंतीला हात लावायच्या आधी मालकाचा लेखी होकार बघा. वास्तू वारसा यादीत असेल तर महापालिकेच्या परवानगीचंही विचारा. दोघांच्या वादात आपलं बिल अडकू द्यायचं नाही.

प्लायचं गणित: माझे दोन शीट कुठे गेले?

सुतारकामात एक इंच म्हणजे आठ सूत, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

माझी भिंत २० इंच. चौकट ४ इंच. म्हणजे पाट १६ इंच. प्लायचं शीट ८ फूट बाय ४ फूट, रुंदी ४८ इंच. १६ त्रिक ४८, म्हणजे एका शीटमधून बरोब्बर तीन पट्ट्या! एका दाराला दोन उभे पाट, आणि माथ्याचा पाट म्हणजे अर्धी पट्टी. पाच दारांना उभे १० आणि माथ्याच्या ३, एकूण १३ पट्ट्या. पाच शीट. तसा भाव देऊन टाकला.

कटिंगला गेल्यावर लक्षात आलं की करवतीचं पातं प्रत्येक कापात साधारण एक सूत खातं. दोन कापांत दोन सूत. तिसरी पट्टी १६ ची निघालीच नाही. त्यात दुसऱ्या दाराशी भिंत खाली २० इंच ४ सूत निघाली. आता पाट हवा १६ इंच ४ सूत, वर रंध्यासाठी दोन सूत, म्हणजे १६ इंच ६ सूत. एका शीटमधून फक्त दोन पट्ट्या. १३ पट्ट्यांना सात शीट. भाव तर आधीच ठरलेला, वाढवून मागायला तोंड नव्हतं.

आता हेच आधी कागदावर मांडलं असतं तर? चौकट ४ ऐवजी ५ इंच घेतली असती, तर पाट लागला असता १५ इंच ६ सूत. तीन पट्ट्या ४७ इंच २ सूत, अधिक पात्याचे दोन सूत, ४७ इंच ४ सूत. शीटमध्ये बसलं! पाचच शीट.

पण हे फुकट नाही. लाकूड जास्त लागतं. हिशेब असा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४ म्हणजे घनफूट. चौकटीची लांबी ७ + ७ + साडेतीन = १७.५ फूट.

४ इंची चौकट: १७.५ × ४ × २.५ ÷ १४४ = १.२२ घनफूट.
५ इंची चौकट: १७.५ × ५ × २.५ ÷ १४४ = १.५२ घनफूट.

दाराला ०.३० घनफूट जास्त, पाच दारांना दीड घनफूट. यात वाया जाणारं धरलेलं नाही, ते वेगळं धरा. मग दीड घनफूट सागवान स्वस्त की दोन शीट प्लाय? भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये त्या दिवशीचा भाव विचारा आणि दोन्ही पर्याय मांडा. उत्तर भावाप्रमाणे बदलेल, पण मांडणी दर वेळी करायचीच.

आणि कटिंगचा कागद सगळ्या दारांचा एकत्र करा. रुंद पाट कापून उरलेला १४ इंचांचा तुकडा माडीवरच्या बारीक भिंतीला चालतो.

बसवताना काय सांभाळायचं?

जुन्या मातीच्या भिंतीत प्लगमधला स्क्रू धरत नाही. चौकटीला दर बाजूला तीन लोखंडी होल्डफास्ट लावा आणि खाच करून काँक्रीटमध्ये बसवा. खाच हळू, छिन्नीने. मोठा ब्रेकर लावलात तर चार विटांऐवजी चाळीस विटा खाली येतील.

दारावरचं जुनं आडवं लाकूड टोचून बघा. आत मऊ लागलं, भुसा पडला, तर काम तिथेच थांबवा आणि गिऱ्हाइकाला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायला सांगा. वरची भिंत त्यावर उभी आहे. "बघू, होईल" म्हणण्याची ती जागा नाही.

पाट थेट भिंतीला चिकटवू नका. आधी वाळवीचं औषध लावलेल्या बारीक पट्ट्या भिंतीवर मारा, पाचर घालून एका रेषेत आणा, त्यावर पाट. पाटाच्या मागच्या बाजूलाही औषध आणि प्रायमर हवाच. दिसत नाही म्हणून सोडलेली हीच बाजू ओल आधी पिते. चौकट आणि पाटाच्या सांध्यात मुद्दाम एक सूत खाच ठेवा. सांधा थोडा हलला तरी ती रेषा डिझाइनसारखी दिसते.

क्रम असा: चौकट, मग गिलाव्याची दुरुस्ती, मग फरशी, सगळं वाळू द्या, मग पाट, शेवटी कव्हर पट्टी. ओल्या गिलाव्यावर पाट बसवायची घाई नको.

पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर उत्तम, मुरलेलं असतं. पण कापायच्या आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा राहिला तर पात्याचे दात गेले.

भाव कसा द्यायचा?

चौरस फुटाने देऊ नका. दर दाराला वेगळा भाव द्या, कारण दर दाराची भिंत वेगळी. आणि तीन पर्याय ठेवा. पहिला: चौकट लाकडी, बाकी जाडी नीट गिलावा करून रंग. दुसरा: चौकट आणि प्लायचे पाट. तिसरा: सागवानी चौकटींत बसवलेली पॅनेलं. गिऱ्हाइकाला "हो की नाही" विचारू नका, "यातलं कोणतं" विचारा. ज्याचं बजेट कमी तोही तुमच्याकडेच राहतो.

मोजमापाचे पैसे वेगळे घ्या आणि काम मिळालं की बिलातून वजा करा. पाच दारांची नऊ-नऊ मापं म्हणजे अर्धा दिवस जातो, तो फुकट का द्यायचा? उरलेले पैसे टप्प्यांत: मालाआधी आगाऊ, चौकटी उभ्या राहिल्यावर दुसरा हप्ता, पट्टी लागल्यावर शेवटचा. कोटेशनवर एक ओळ लिहा: "भिंत उघडल्यावर आतलं लाकूड किंवा वीट खराब निघाल्यास त्या कामाचा खर्च वेगळा." ही ओळ माझ्या त्या कोटेशनवर नव्हती.

आजचा गृहपाठ: ओळखीच्या एका जुन्या घरात जा, परवानगी घ्या, एकच दार निवडा. ओळंबा सोडा, नऊ मापं लिहा, शीटचं कटिंग कागदावर काढा, तिन्ही पर्यायांचा भाव मांडा. एक रुपयाही न गुंतवता तुमचं पहिलं कोटेशन तयार होईल. ते जपून ठेवा. पेठेतून फोन येईल तेव्हा कामाला येणार आहे.