बेकफर्डच्या शाळेतल्या मोठ्या बाई

सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते रोहन कन्हायवरून, हे क्रिकेटवेड्या मराठी माणसाला सांगायला नको. हा कन्हाय गयानातल्या बर्बिस भागातला. त्याच भागात, स्केल्डन गावी, ३० ऑगस्ट १९२४ रोजी बेरिल गिलरॉय जन्मल्या. नकाशात गयाना दक्षिण अमेरिकेत दिसतं, पण सोयरीक सगळी कॅरिबियन बेटांशी. क्रिकेटही वेस्ट इंडीजकडूनच!

गंमत म्हणजे, पुढे जन्मभर शिकवणारी ही मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत पूर्णवेळ शाळेत गेलीच नव्हती. आजीकडे वाढली, घरीच शिकली. आणि १९४५ मध्ये जॉर्जटाउनला शिक्षक-प्रशिक्षण पहिल्या वर्गात पास! (शाळा बुडवणाऱ्यांनी हा दाखला घरी देऊ नये. अशी आजी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.)

१९५१ मध्ये बाई लंडनला शिकायला गेल्या. हातात पदविका, गाठीला अनुभव, पण कातडी काळी. वर्ग काही मिळेना. मग भांडी घासली, कारखान्यात कारकुनी केली, एका घरी मोलकरीणही झाल्या. अखेर फळ्यासमोर उभं राहायला मिळालं, आणि १९६९ मध्ये वेस्ट हॅम्पस्टेडच्या बेकफर्ड प्राथमिक शाळेत त्या ‘मोठ्या बाई’ झाल्या.

आता या शाळेच्या नावाचा किस्सा ऐका. विल्यम बेकफर्ड म्हणजे जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा आणि त्यात राबणाऱ्या गुलामांचा धनी. साखरेच्या पैशावर तो दोनदा लंडनचा लॉर्ड मेयर झाला. दुसऱ्यांदा कधी? १७६९ मध्ये. बरोबर दोनशे वर्षांनी त्याच्या नावाच्या शाळेची किल्ली उसाच्याच मुलखातून आलेल्या एका काळ्या बाईच्या हाती! कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून खोडलं असतं.

ब्रिटनमधल्या पहिल्या काळ्या मुख्याध्यापकाचा मान मात्र बेरिलबाईंचा नाही. १९६७ मध्येच जमैकाचे टोनी ओकॉनर स्मेदिकच्या एका शाळेत मुख्याध्यापक झाले होते. आणि १९६९ मध्येच, लंडनमध्येच, होलोवेच्या रिंग क्रॉस शाळेत जमैकाच्या इव्हॉन कॉनोली आल्या. वय फक्त २९. ‘शाळा जाळू’ अशी धमकी आली, पहिल्या दिवशी त्यांना सोबत देऊन आत न्यावं लागलं. बाई नऊ वर्षं त्या खुर्चीत टिकून राहिल्या.

बेरिलबाईंनी १९८२ पर्यंत शाळा सांभाळली. लेखणीही चालूच होती. १९५९ मध्ये लिहिलेली एक कादंबरी छापून यायला १९९६ उजाडलं, सदतीस वर्षं! गाजलेल्या ‘फ्रँजिपॅनी हाउस’चं नाव ऐकून बिचकू नका. फ्रँजिपॅनी म्हणजे आपला देवचाफा. देवळापाशी हमखास दिसणारं हे झाड मुळात अमेरिका खंडातलंच.

घरातली आणखी एक खबर: वर्णभेदावरच्या लेखनासाठी जगभर वाचले जाणारे पॉल गिलरॉय हे बाईंचे चिरंजीव.

शिक्षिकेच्या नोकरीतलं आत्मकथन ‘ब्लॅक टीचर’ १९७६ मध्ये आलं, नंतर विस्मरणात गेलं. बाई २००१ मध्ये गेल्या. पुस्तक नव्याने दुकानात आलं २०२१ मध्ये. त्याच वर्षी शाळेच्या फाटकावरून बेकफर्डचं नाव उतरलं. तिथे आता वेस्ट हॅम्पस्टेड प्राथमिक शाळा अशी पाटी आहे.