ऊन फुकट, मग सौरवीज महाग का होती?

ऊर्जेची साधने हा पाठ शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "सर, ऊन फुकट मिळतं, मग सगळे सौरवीजच का वापरत नाहीत?" आपणही वर्षानुवर्षे एक ठरावीक उत्तर देत आलो : "ती फार महाग पडते." हे उत्तर आता बदलायला हवे. आपल्याच देशात सौर प्रकल्पांसाठी २०१० साली जी बोली लागली, तिच्यात एका युनिटचा दर अकरा-बारा रुपयांच्या आसपास होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेतील बोलीत १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. नव्या कोळसा प्रकल्पाची वीज या दरात मिळत नाही. (रात्रीचे काय, असे मुले लगेच विचारतील. तो प्रश्न बरोबर आहे, पण तो वीज साठवण्याचा प्रश्न आहे आणि त्यासाठी वेगळा लेख लागेल.)

दहा वर्षांत असे काय घडले? कोणी मोठा शोध लावला का? तसे नाही. सिलिकॉनचा सौरघट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेची वीज होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलची कार्यक्षमता २० टक्क्यांहून थोडी अधिक आहे. म्हणजे गुण तिप्पट-चौपट वाढला. किंमत मात्र १९७६ च्या सुमारास, आजच्या पैशांत मोजली तर, एका वॅटला शंभर डॉलरच्या घरात होती. २०१९ साली ती चाळीस सेंटच्या खाली आली. तिपटी-चौपटीच्या सुधारणेतून अडीचशे पटींची घसरण निघत नाही. बाकीची घसरण कारखान्यात झाली.

टी. पी. राईट या अमेरिकन अभियंत्याने १९३६ साली विमानांच्या कारखान्यांबद्दल एक निरीक्षण मांडले होते. तोपर्यंत बनलेल्या एकूण विमानांची संख्या दुप्पट झाली, की एका विमानाला लागणारे श्रम ठरावीक टक्क्यांनी कमी होतात. सौर पॅनेलच्या बाबतीत हा आकडा साधारण २० टक्के आहे. एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत वीस टक्क्यांनी उतरते. फळ्यावर हे गणित करून पाहा. १०० रुपयांची वस्तू एका दुपटीनंतर ८० रुपयांना, दुसऱ्या दुपटीनंतर ६४ ला, तिसऱ्या दुपटीनंतर ५१ ला. दहा दुपटींनंतर ती पावणेअकरा रुपयांना मिळते आणि वीस दुपटींनंतर सव्वा रुपयाच्याही आत.

यात जादू काही नाही. सिलिकॉनच्या ठोकळ्यातून पातळ चकत्या कापाव्या लागतात आणि लाकूड कापताना जसा भुसा पडतो तसा मौल्यवान सिलिकॉनचा भुसा वाया जातो. हिऱ्याची पूड बसवलेली बारीक तार वापरून हा भुसा कमी झाला, चकत्याही पातळ झाल्या. वीस वर्षांपूर्वी एका वॅटसाठी सुमारे १६ ग्रॅम सिलिकॉन लागत असे, आता दोन-तीन ग्रॅम पुरते. अशा शेकडो लहान सुधारणा आहेत. त्या प्रयोगशाळेत बसून सुचत नाहीत, माल बनवता बनवता हाताला लागतात.

पण येथेच खरी अडचण आहे. किंमत उतरायला हवी तर उत्पादन दुप्पट व्हायला हवे, आणि उत्पादन दुप्पट व्हायचे तर महाग असतानाच कोणीतरी तो माल विकत घ्यायला हवा. हा तोटा सोसणार कोण?

पहिले गिऱ्हाईक अंतराळ होते. १९५८ साली सोडलेल्या व्हॅन्गार्ड-१ या अमेरिकन उपग्रहातील बॅटरी काही महिन्यांत संपली, पण सौरघटांवर चालणारा प्रेषक १९६४ पर्यंत संदेश पाठवत राहिला. उपग्रहाला विजेची तार जोडता येत नाही, तेव्हा तेथे किमतीचा विचार गौण होता. पुढे १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले आणि सर्वांनाच सूर्याची आठवण झाली. अध्यक्ष कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाऊसच्या छतावर पाणी तापवणारी सौर तबके बसवली. तेल पुन्हा स्वस्त झाले आणि १९८६ मध्ये रेगन यांच्या काळात ती उतरवली गेली.

हा भार अखेर उचलला तो जर्मनीने, जेथे ऊन महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक पडते! हेर्मान शेअर आणि हान्स-योसेफ फेल या दोन खासदारांच्या पुढाकाराने तेथे एप्रिल २००० मध्ये एक कायदा अमलात आला. तुमच्या छतावर बनलेली वीज वीजकंपनीने घेतलीच पाहिजे, आणि तीही वीस वर्षे बांधून दिलेल्या दराने, असे हा कायदा सांगत होता. सुरुवातीचा दर युनिटला जवळजवळ ५१ सेंट होता, बाजारभावाच्या कित्येक पट. नव्याने पॅनेल बसवणाऱ्याला मात्र दर वर्षी थोडा कमी दर मिळणार होता, त्यामुळे कारखानदारांवर किंमत उतरवण्याचा दाब राहिला.

या कायद्यातील सर्वांत हुशारीची गोष्ट, माझ्या मते, पैसा कोठून यायचा ही होती. तो सरकारी तिजोरीतून येणार नव्हता. सर्व वीजग्राहकांच्या बिलात एक लहानसा अधिभार लावून तो गोळा होई. त्यामुळे अर्थसंकल्पात कपात करून योजना बंद पाडता येईना. शेतकरी, शिक्षक, गावोगावच्या सहकारी संस्था पॅनेल बसवू लागल्या. २०१० ते २०१२ या तीन वर्षांत तेथे दर वर्षी सुमारे ७,५०० मेगावॅटची भर पडली.

याची दुसरी बाजूही मुलांपुढे ठेवायला हवी. २०१४ साली अधिभार युनिटला ६.२४ सेंटवर गेला, घरगुती दराच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका. मोठ्या कारखान्यांना त्यातून बरीच सूट होती. ज्याच्या मालकीचे छत होते त्याला वीस वर्षे खात्रीचे उत्पन्न मिळाले, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने बिल भरले. जुलै २०२२ मध्ये हा अधिभार शून्यावर आणला गेला आणि तो खर्च सरकारने स्वतःकडे घेतला.

जर्मनीने मागणी निर्माण केली, पण पुरवठा तिच्या हातात राहिला नाही. शी झेंगरोंग हे चिनी शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात प्रा. मार्टिन ग्रीन यांच्याकडे शिकले आणि २००१ साली मायदेशी परतून त्यांनी वूशी शहरात सनटेक ही कंपनी काढली. त्यांच्यामागे आणखी अनेक आले. स्थानिक सरकारांनी जमीन दिली, बँकांनी कर्ज दिले आणि यंत्रे विकली ती युरोपातील यंत्रनिर्मात्यांनीच. २००८ मध्ये शुद्ध सिलिकॉनचा भाव किलोला ४०० डॉलरच्या वर चढला होता. तो पाहून इतके नवे कारखाने उभे राहिले की पुढे भाव कोसळला.

स्वस्ताईचा आनंद सर्वांना झाला नाही. २००८ साली जगात सर्वाधिक सौरघट बनवणारी जर्मनीची क्यू-सेल्स २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. सनटेकचा वूशी येथील मुख्य उद्योगही २०१३ मध्ये त्याच वाटेने गेला. २०२४ सालीसुद्धा चीनच्या मोठमोठ्या पॅनेल कंपन्यांनी तोटा जाहीर केला. ज्यांनी पॅनेल स्वस्त केले, त्यांतल्या अनेकांना त्यातून पैसा मिळाला नाही. तो मिळाला वीज वापरणाऱ्यांना.

आता राजकारण शिरले. अमेरिकेने २०१२ मध्ये चिनी मालावर जकात बसवली, युरोपने २०१३ मध्ये किमान किंमत ठरवून दिली आणि २०१८ मध्ये ती काढून टाकली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार पॅनेलनिर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. तेलासाठी आखाताकडे पाहणाऱ्या देशांना हे अस्वस्थ करणारे होते. फरक इतकाच, की तेल थांबले तर गाडी थांबते. पॅनेल येणे थांबले तरी बसवलेले पॅनेल वीज देतच राहते.

भारतानेही काही प्रकल्पांत देशी घटच वापरावेत अशी अट घातली होती. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अंतिम निकाल आपल्याविरुद्ध लागला. मग भारताने अमेरिकेतील काही राज्यांच्या अशाच अटींविरुद्ध तक्रार केली आणि २०१९ मध्ये पहिल्या फेरीचा निकाल आपल्या बाजूने लागला! एप्रिल २०२२ मध्ये भारताने परदेशी पॅनेलवर ४० टक्के जकात लावली. त्यामुळे देशी कारखान्यांना आधार मिळाला आणि प्रकल्प उभारणाऱ्यांचा खर्च वाढला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता पुन्हा वर्गातल्या प्रश्नाकडे येऊ. ऊन फुकट आहे, म्हणजे इंधनाचा खर्च नाही. पण याचाच अर्थ असा, की जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. कोळशाचे बिल महिन्याला येते, सौरवीजेचे पंचवीस वर्षांचे बिल आधीच भरावे लागते, आणि तेही बहुधा कर्ज काढून. म्हणून येथे उन्हापेक्षा व्याजाला महत्त्व येते. एक किलोवॅटच्या संचाला ५०,००० रुपये लागतात आणि तो वर्षाला १,५०० युनिट वीज देतो असे धरा. हे कर्ज २५ वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे आहे. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे ३,२०० रुपये पडतो, म्हणजे युनिटला २ रुपये १३ पैसे. व्याज १२ टक्के असेल तर हप्ता ६,३७५ रुपये आणि युनिट ४ रुपये २५ पैशांना. पॅनेल तेच, ऊन तेच, भाव दुप्पट.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला, त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेचे कर्ज मिळाले होते. अशी कर्जे सर्वांना मिळत नाहीत. जगातील उत्तम सूर्यप्रकाशाच्या प्रदेशांपैकी सुमारे ६० टक्के आफ्रिकेत आहेत, पण ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सौरक्षमतेपैकी जेमतेम १ टक्का तेथे होती. तेथे बँका जोखीम जास्त मानतात आणि व्याज चढे लावतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील हवामान परिषदेत सर्वाधिक वाद झाला तो याच पैशावरून. विकसनशील देशांची मागणी वर्षाला १,३०० अब्ज डॉलरची होती. श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे मान्य केले. अध्यक्षांनी ठराव संमत झाल्याचे जाहीर केल्यानंतर भारताच्या प्रतिनिधीने उभे राहून, हा आकडा आम्हाला मान्य नाही, असे भर सभेत सांगितले.