वंगण : बीड जिल्ह्यातील ऊसगाड्यांची निगा व तिची परिभाषा

बालाघाटाच्या रांगांतील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडणीसाठी जी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाच्या सीमाभागाकडे निघतात, त्यांपैकी अनेकांच्या दृष्टीने बैलगाडी हे केवळ वाहन नव्हे. तळावर कोपी उभी राहीपर्यंत तीच त्यांचे घर असते आणि कोपी उभी राहिल्यावर तीच त्यांच्या मजुरीचे साधन बनते. पूर्वी ही कुटुंबे गाडीनेच मजल दरमजल करीत कारखान्याच्या तळावर पोचत. आता बहुधा बैल व गाड्या मालमोटारीतून नेल्या जातात. पण तळावरचे काम गाडीचेच. त्यामुळे तिचे चाक अडले की त्या दिवसाची खेप बुडते, आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा आकडा मात्र जागचा हलत नाही. गाडीच्या निगेचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा हा असला, तरी ही निगा समजून घेतल्यावाचून तिची परिभाषा समजत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

लाकडी चाकाच्या गाडीत चाक फिरते, आख फिरत नाही. चाकाचा मधला गड्डा म्हणजे तुंबा. तुंब्यातून आरे निघतात, आऱ्यांच्या टोकांवर लाकडी घेर बसतो व त्या घेरावर लोखंडी धाव चढवितात. आखाच्या टोकाला खीळ असते. ती चाकाला बाहेर निसटू देत नाही. सर्व भार तुंबा आणि आख यांच्या स्पर्शावर तोलला जातो व घर्षण तेथेच होते. वंगणाचे स्थान ते. एरंडेल तेलात काजळी खलून ते करीत. एरंडेल दाट असल्याने दाबाखालीही पृष्ठभागांमध्ये टिकून राहते. पातळ तेल वाहून जाते. यंत्रांचा प्रसार झाल्यावर एंजिनातून काढलेले जळके ऑइलही या कामी येऊ लागले.

क्रिया साधी दिसते. गाडी रिकामी करून बैल सोडावयाचे, आखाखाली टेकू द्यावयाचा, खीळ काढून चाक बाहेर सरकवावयाचे, वंगण लावून पुन्हा आत ढकलावयाचे. परंतु जाणता गाडीवान नवे वंगण घालण्यापूर्वी जुने पुसून काढतो, आणि या कलेचे मर्म तेथेच आहे. काळे पडलेले वंगण म्हणजे तेल, धूळ आणि झिजलेल्या धातूची पूड यांचा लगदा होय. त्यावर नवे तेल ओतले तर आख वंगणला न जाता घासला जातो. याच कारणाने उघड्या भागांवर तेल फासणे हिताचे नसते. लाकडाची गरज तर याहून वेगळी. उन्हाळ्यात तुंबा व आरे सुकून आकसतात, धाव ढिली होते. अशा वेळी चाके पाण्यात भिजत ठेवतात. तेवढ्याने भागले नाही, तर धाव तापवून, प्रसरण पावलेली असतानाच चढवून, लगेच पाण्याने थंड करावी लागते.

आता शब्दांकडे वळू. संस्कृत ‘अक्ष’ या शब्दाची मराठीत ‘आख’ व ‘आस’ अशी दोन रूपे आढळतात. ‘क्ष’चे हे दुहेरी परिवर्तन मराठीच्या अभ्यासकास परिचित आहे : एकीकडे ‘पक्ष’पासून पाख, ‘लक्ष’पासून लाख, दुसरीकडे ‘क्षेत्र’पासून शेत, ‘मक्षिका’पासून माशी, आणि ‘तक्ष्’पासून सुताराचे तासणे. तासण्याची क्रिया एका परंपरेतून आणि तासून तयार झालेला आख दुसरीतून यावा, ही गंमत एका सुताराच्या पडवीत बसूनही ध्यानी येऊ शकते.

वंगणाची कल्पना आपल्या वाङ्मयात जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, अभ्यंगाचे महत्त्व सांगताना घडा, चामडे आणि गाडीचा आख असे तीन दृष्टान्त दिले आहेत. स्नेहाने आख दृढ व क्लेश सोसणारा होतो, तसे शरीर. पाली वाङ्मयात हाच आख भिक्षूच्या आहारासाठी दृष्टान्त म्हणून येतो : भार वाहून नेण्यापुरते वंगण, तसे देह चालण्यापुरते अन्न. एक दृष्टान्त स्नेहाची महती सांगतो, दुसरा त्याची मर्यादा. गाडीवान दोन्ही पाळतो.

ऊसवाहतुकीत टायरगाडी रूढ झाल्यावर परिभाषा पालटली. ही गाडी साधारणतः कारखान्याकडून भाड्याने मिळते. तिच्यात तुंबा घासत नाही, बेरिंग फिरते. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन नवे भरावे लागते. नट फार आवळला तर बेरिंग तापते, सैल राहिला तर चाक लडबडते. म्हणून खेपेनंतर मध्यावर हात ठेवून ऊब पाहण्याची सवय उपयोगी पडते. भाषेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट क्रियापदाची आहे. वंगण ‘घालतात’, ग्रीस ‘भरतात’. उघड्या आखावर लेप देणे आणि बंद पोकळीत पदार्थ ठासणे हा भेद बोलणाऱ्यांनी कोणाच्या सूचनेवाचून केला आहे. ‘ग्रीस’ने नपुंसकलिंग घेतले ते, माझ्या मते, ‘वंगण’ व ‘तेल’ यांच्या सहवासाने.

‘आख’, ‘तुंबा’, ‘धाव’ हे शब्द मात्र ज्या गाडीबरोबर आले, तिच्याबरोबरच विरळ होत आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे बोलींचे शब्दसंकलन करू इच्छितात, त्यांनी हिवाळ्यात या गावांत जाण्याचा आग्रह धरू नये. तेव्हा तेथे बहुधा वृद्ध आणि मुलेच भेटतात. वृद्धांकडून जुने शब्द मिळतील, नवे मिळणार नाहीत. दोन्ही एका तोंडून ऐकावयाचे असतील, तर कारखान्याच्या तळावर जावे, आणि तेही गाड्या रिकाम्या होऊन बैल दावणीला लागल्यावर. त्याआधी कोणास बोलावयास उसंत नसते.