परसातली मधपेटी खचली? राणी बदलण्याआधी पेटी वाचा



परसातल्या सातेरी मधपेटीबद्दल कार्यक्रमात बोललो, की पुढच्या आठवड्यात हमखास एक प्रश्न येतो. "साहेब, पेटी घेतली तेव्हा माशा मावत नव्हत्या. आता तीन पोळ्यांवरसुद्धा माशी नाही. राणी बदलू का?"

बदला. पण राणीवर ठपका ठेवण्याआधी पेटी उघडून पाहा. पोळ्यात मध आणि पराग आहे का? पावसाळ्यात घाटमाथ्याला आणि कोकणात फुलोरा नसतो, माशा उपाशी असतात, आणि उपाशी पेटीत राणी आपणहून अंडी कमी करते. तिथे राणी नव्हे, साखरपाणी हवे. पोळ्यात जाळी आणि काळी लेंडी दिसली तर मेणकिडा शिरला आहे. ती पोळी काढून जाळा आणि तळपाट खरवडून साफ करा. शेजारच्या शिवारात फवारणी झाली होती का, हेही विचारून घ्या.

यातले काही नसेल, तर मग राणीकडे वळा. सकाळी ऊन पडल्यावर, वारा नसताना, गोवरीचा थोडासाच धूर देऊन पेटी उघडावी. उन्हाकडे पाठ करा आणि चौकट अशी धरा की ऊन खांद्यावरून घरांच्या तळाशी पडेल. अंडे बारीक, पांढरे, सुईच्या टोकाएवढे असते. पहिल्या दिवशी ते तळाला उभे असते, तिसऱ्या दिवशी आडवे पडते. म्हणून राणी डोळ्यांना दिसली नाही तरी हरकत नाही. घराला एक याप्रमाणे तळाशी मधोमध अंडे दिसले, तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी नक्की होती.

चांगल्या राणीचा पिलावा सलग असतो, विरळ पेरणीसारखा तुटक नसतो. पिलावा ठिगळाठिगळांचा दिसू लागला, कामकरी माशीच्या बारक्या घरांतून नरांची फुगीर टोपणे वर आली, तर राणी म्हातारी झाली किंवा तिचा बीजसाठा संपला असे समजावे. आणि एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली, तर राणी केव्हाच मेली आहे आणि कामकरी माशाच अंडी घालू लागल्या आहेत. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. सातेरीत ही पाळी फार लवकर येते.

इथे माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आबांच्या परसात गेलो. पेटीत अंडे नाही, अळी नाही. राणी मेली असे मी ठरवले आणि दुसऱ्या पेटीतली राणी आणून पिंजऱ्यातून दिली. तिसऱ्या दिवशी ती दारात मरून पडलेली. झाले होते असे, की पेटीत नुकतीच जन्मलेली कुमारी राणी फिरत होती. ती लहान, चपळ, मला दिसलीच नाही. आबांनी त्या पेटीवर कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट धरला होता. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी दुसऱ्यांदा मला पेटीला हात लावू दिला नाही, आणि त्यांचे बरोबर होते.

तेव्हापासून मी आधी परीक्षा घेतो. जोमदार पेटीतली अंडी आणि अगदी कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट, माशा झटकून, आजारी पेटीत मधोमध द्यावी. तीन-चार दिवसांनी पाहावे. तिच्यावर राणीघरे, म्हणजे खाली लोंबणारी शेंगदाण्यासारखी घरे, दिसली तर पेटीत राणी नाही. नाही दिसली, तर राणी कुठेतरी आहे, थांबा.

राणीघरे धरली असतील तर तुमचे निम्मे काम माशांनीच केले. चांगली दोन ठेवून बाकीची मोडा. राणी अंड्यापासून साधारण 16 दिवसांत बाहेर पडते, मग आठ-दहा दिवसांत नरांशी संयोग होऊन अंडी घालू लागते. हा संयोग हवेत होतो. म्हणून पावसाळ्यात, किंवा आसपासच्या पेट्यांत नर दिसत नसताना हा खटाटोप करू नये. राणी कोरी राहिली तर ती आयुष्यभर नरच घालते. या दिवसांत पेटी जागची हलवू नका, राणी परत येताना घर चुकते. दारासमोर तारेवर वेडा राघू बसत असेल तर त्याला हुसकत राहा.

दुसरा मार्ग पिकलेले राणीघर देण्याचा. भरपूर मध देणाऱ्या, शांत, ऊठसूट पेटी सोडून न जाणाऱ्या वसाहतीतलेच घ्या. घराच्या टोकाचे मेण माशांनी कुरतडून टोक तपकिरी दिसू लागले, की राणी एक-दोन दिवसांत निघणार. बोटभर पोळ्यासकट ते कापावे, उलटे करू नये, झटका देऊ नये. बाभळीच्या दोन काट्यांनी पिलाव्याजवळ टोचून ठेवावे, टोक खालीच.

अंडी घालणारी तयार राणी मिळाली तर उत्तमच. आदल्या दिवशी जुनी राणी शोधून चिरडा. जिवावर येते, पण दोन राण्या ठेवल्या तर नवीच मरते. राणीघरे असतील तीही मोडा. जाळीचा अंगठ्याएवढा पिंजरा करून त्यात नवी राणी एकटी ठेवा आणि तोंड पिठीसाखरेच्या गोळीने बंद करा. गोळी आपल्याच निरोगी पेटीतल्या मधात घट्ट मळावी, पातळ झाली तर राणी चिकटून मरते. पिंजरा दोन पिलाव्याच्या पोळ्यांमध्ये टांगावा. माशा गोळी खातात, तोवर राणीला घरचा वास लागतो, आणि दोन-तीन दिवसांत ती मोकळी होते.

कामकरी अंडी घालणाऱ्या पेटीला मात्र पिंजऱ्यातली राणी देऊ नका, बहुधा मारतात. ती पेटी रोज फूट-दोन फूट सरकवत जोमदार पेटीजवळ आणा आणि संध्याकाळी वर्तमानपत्राचा कागद, टाचणीने भोके पाडून, मध्ये घालून तिच्यावर चढवा. माशा कागद कुरतडून एक होतात. एक पेटी कमी झाली असे वाटेल; पुढे तीच जोमदार पेटी फोडून दोन करता येतात.

राणी दिल्यावर पेटी वारंवार उघडायची नाही. सातेरी माशी त्रास झाला तर पेटी सोडून जाते. संध्याकाळी एक किलो साखर, एक लिटर पाणी या मापाचे साखरपाणी वाटीत, वर काड्या टाकून, पेटीच्या आत ठेवा. बाहेर थेंब सांडला तर दुसऱ्या पेटीच्या माशा लुटायला येतात. आठव्या-दहाव्या दिवशी फक्त मधली चौकट उचला, उन्हाकडे पाठ करा आणि अंडी आहेत का तेवढे पाहून पेटी बंद करा.

ज्यांना हे हाताने शिकायचे आहे, त्यांनी खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे प्रशिक्षणाची चौकशी करावी.